हात बसेपर्यंत

३ मार्च, सोमवार

प्लास्टर बंद.

साहेबांनी सकाळी साडेनऊला आम्हा सगळ्यांना कार्यशाळेत उभं करून सांगितलं. सहा आठवड्यांनंतर कृत्रिम पायाचं एकही माप प्लास्टरने घ्यायचं नाही. हातातल्या स्कॅनरने पेशंटचा उरलेला पाय टिपायचा, तो संगणकाच्या पडद्यावर उमटणार, तिथेच त्याला आकार द्यायचा. मागच्या खोलीत आलेलं नवं यंत्र तसाच्या तसा साचा कोरून देणार. आम्ही कारागीर सहा जण. सहा आठवड्यांनी परीक्षा. पास होतील ते पेशंटचं काम करतील, बाकीचे पॅकिंगला.

"पॅकिंग म्हणजे काही शिक्षा नाही," साहेब म्हणाले. म्हणजे शिक्षाच.

एकोणीस वर्षं मी हेच केलं – ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या, वाळल्या की काढायच्या, आत प्लास्टर ओतून भरीव पाय करायचा, आणि मग कानशीने घासत बसायचं. कुठे घासायचं, कुठे भर घालायची हे माझे अंगठे सांगतात. डोकं नाही सांगत. आता अंगठ्यांना कुणी विचारणारच नाही.

घरी आल्यावर दोनदा हात धुतले. नखांतलं प्लास्टर निघत नाही ते नाहीच.

४ मार्च, मंगळवार

शिकवणीचा पहिला दिवस. कंपनीकडून एक तरुण शिक्षक आलाय. प्रत्येक वाक्यात "झटपट". "हे झटपट फिरवा, हे झटपट निवडा." दुपारपर्यंत त्याचं नावच झटपट पडलं. कृत्रिम पायाचे पट्टे शिवणाऱ्या दादांनी ठेवलं.

माझा बाण पडद्यावरून हरवला. शोधते आहे, शोधते आहे – सापडेना. झटपट मागून आला, "द्या इकडे," म्हणून माऊस घेतला, टकटक केलं, "झालं," म्हणून पुढे गेला. काय झालं ते त्यालाच ठाऊक. माझा हात तसाच टेबलावर, रिकामा.

थोरल्या बाईंनी मात्र सात वेळा हात वर केला. मी मोजले. त्या आमच्यात सगळ्यात मोठ्या, एकोणसाठ पूर्ण, वर्षभराने निवृत्त होणार. "परत सांगा." "कळलं नाही." "तुम्ही आत्ता काय दाबलंत?" तिसऱ्या वेळी मागून कुणीतरी हसलं. बाईही हसल्या. आणि चौथ्यांदा विचारलं.

मी त्यांच्या जागी असते तर टेबलाखाली शिरले असते.

५ मार्च, बुधवार

मुलीला म्हटलं, जरा शिकव. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला काय अवघड? "आई, अगं असं नाही... दे." माऊस घेतला. टकटक, टकटक. मला तिची बोटं तेवढी दिसली. "आलं लक्षात?" मी "हो" म्हटलं.

हे लिफ्टच्या दुरुस्तीवरून दमून आले होते. म्हणाले, "तिला येतं ना? मग अडलं तर तिला विचारायचं." तिला घेऊन परीक्षेला बसू का?

७ मार्च, शुक्रवार

अर्ज लिहिला. "मला पॅकिंग विभागात काम करण्याची इच्छा आहे." इच्छा! पण ढकलून देण्यापेक्षा आपणहून गेलेलं बरं. निदान तोंड दाखवायला जागा राहील.

शुद्धलेखन बघा म्हणून थोरल्या बाईंना दाखवला. त्यांच्याइतकं नीट आमच्याकडे कुणी लिहीत नाही. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. एक वेलांटी सुधारली. कागद परत दिला.

"अर्ज चांगला जमलाय," म्हणाल्या. "सही मात्र आज करू नकोस. एकवीस तारखेला कर."

"एकवीसच का?"

"दोन आठवडे होतात म्हणून. अर्ज काही नासत नाही तोवर."

मला वाटलं होतं समजूत घालतील. तुला येईल, तू हुशार आहेस, असं काहीतरी. काही नाही. डबा उघडून जेवायलाच लागल्या.

१० मार्च, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "चल, आज हे बिघडवू या."

"काय?"

"हेच. तुला भीती आहे ना, बिघडेल म्हणून? मलाही आहे. तर मग बिघडवून बघू. सरावाचाच पाय आहे, त्यावर कुणी चालायचं नाहीये."

आणि त्यांनी खरंच सुरू केलं. पडद्यावर गुडघ्याखालचा तो राखाडी पाय. बाईंनी त्याला मधेच एवढा मोठा खड्डा पाडला. मग मला म्हणाल्या, "आता तू." मी भीत भीत खालच्या टोकाची बाजू फुगवली. बाईंनी अख्खा पाय उलटा केला. मी तो इतका ताणला की दुधी भोपळ्यासारखा दिसायला लागला. दिसेल ते बटण दाबलं. एकदा पडदा पूर्ण काळा झाला तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली. बाई म्हणाल्या, "थांब. धीर धर." दहा सेकंदांनी पाय परत हजर.

मग त्यांनी तो डावीकडे वळलेला छोटा बाण दाबला. एक पाऊल मागे. परत दाबला, आणखी एक मागे. मी मोजलं – एकेचाळीस वेळा दाबल्यावर पाय होता तसा. खड्डा नाही, भोपळा नाही.

आम्ही दोघी बघतच राहिलो.

"बघ," बाई म्हणाल्या. "काही होत नाही त्याला."

हसून हसून डबा खायचा राहिला.

१२ मार्च, बुधवार

बाण हरवला. सापडला. माझा मीच शोधला.

१३ मार्च, गुरुवार

रिक्षात बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली. प्लास्टरवर कानस एकदा जास्त फिरली की संपलं. गेलेलं परत येत नाही. पेशंटला पुन्हा बोलवा, पुन्हा पट्ट्या, पुन्हा वाळायची वाट. एकोणीस वर्षं मी अशा कामावर न डगमगता हात चालवला. आणि इथे एकेचाळीस पावलं मागे जाता येतं, तरी बटण दाबायला बोट धजत नाही.

म्हणजे भीती कामाची नाही. मग कशाची?

दुपारी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चारचौघांत बावळट दिसण्याची. दुसरी कशाची असणार?"

इतकं सरळ सांगितलं की मला रागही आला नाही.

१७ मार्च, सोमवार

पट्टेवाले दादा माऊसला हातच लावत नाहीत. हाताची घडी घालून बसतात. "हे आपल्यासारख्यांचं काम नाही हो. मला माहितीये, मला नाही येणार." रोज तेच. माणूस काय कमी आहे? चामड्याचा पट्टा असा शिवतात की टाका शोधावा लागतो. आम्हा सगळ्यांना बकल बसवायला त्यांनीच शिकवलं.

बाईंनी त्यांना विचारलं, "पहिला पट्टा शिवलात तेव्हा सुया किती मोडल्या होत्या?"

"मोडल्या असतील दहा-बारा. पण तेव्हा कोण बघत होतं?"

त्यांनी पुन्हा हाताची घडी घातली. बाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "उद्या दुपारी मी तुमच्याकडे पाठ करून बसते. तुम्ही मोडा काय मोडायचं ते."

ते हसले, पण आले नाहीत. बाई मात्र खुर्ची फिरवून, त्यांच्या संगणकाकडे पाठ करून अर्धा तास बसल्या होत्या. मी पाहिलं.

१९ मार्च, बुधवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

आज माझ्या हातून सगळ्यांच्या सरावाची फाईल गेली. मी माझं काम साठवायला गेले आणि ते मूळ फाईलवरच साठलं. सहाही जणांच्या पडद्यावर माझाच वेडावाकडा पाय. झटपट वैतागला. त्याचंही बरोबर आहे, त्याला ती पुन्हा बनवायला दोन तास लागले. पण मला म्हणाला, "बाई, तुमच्या वयाला हे जरा जडच जातं. मी समजू शकतो."

त्रेचाळीस वय माझं. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून छताकडे बघत होते.

थोरल्या बाई जागेवरूनच म्हणाल्या, "वयाचं राहू द्या, सर. चूक कोणती झाली तेवढं सांगा."

आवाज चढवला नाही.

झटपट म्हणाला, "त्यांनी नवीन नाव न देता फाईल सेव्ह केली."

"म्हणजे आधी नाव द्यायचं, मग साठवायचं. एवढंच ना?"

"हो... एवढंच."

"लिहून घ्या गं सगळ्यांनी," बाई म्हणाल्या, आणि स्वतः वहीत लिहिलं.

मी अर्धा दिवस मनात घोकत होते – मला अक्कल नाही, मी कशाला आले, घरी जावं. आणि बाईंनी त्या सगळ्याची एक ओळ करून टाकली. आधी नाव द्यायचं, मग साठवायचं. एवढंच.

ही बाई कुठून शिकली हे?

जाताना झटपट जिन्यात भेटला. "मी तसं बोलायला नको होतं," म्हणाला. मी म्हटलं, "मी आता नाव देते, काळजी करू नका." त्याला हसू आलं, मलाही.

२१ मार्च, शुक्रवार

एकवीस तारीख. बाईंनी अर्जाचा विषयही काढला नाही. मीच म्हटलं, "सही आणखी आठवडाभराने करते." "बरं," म्हणाल्या.

२७ मार्च, गुरुवार

आज पहिल्यांदा खरा पेशंट. सलूनवाले काका. दिवसभर उभ्याने काम, त्यामुळे जुना पाय बाहेरच्या बाजूला टोचतो, संध्याकाळपर्यंत कातडी लाल होते. झटपट म्हणाला, "आज कोण करणार?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नाहीतर मी नक्की नाही म्हटलं असतं. मीच उठले. का, कुणास ठाऊक.

स्कॅन केला. पहिला पुसट आला म्हणून दोनदा करावा लागला. पाय पडद्यावर आला. झटपट म्हणाला, "आता पेशंटची गरज नाही, त्यांना बाहेर बसू द्या. सगळी मापं आत आहेत."

काका उठायला लागले आणि मी म्हटलं, "थांबा. मला जरा हातात घेऊ द्या."

डोळे मिटून अंगठे फिरवले, एकोणीस वर्षं फिरवत आले तसे. गुडघ्याखाली, बाहेरच्या बारीक हाडाच्या टोकाशी आले तेव्हा काकांनी श्वास रोखला. तिथून बोटभर मागे एक हुळहुळी जागा होती. वरून काहीच दिसत नव्हतं. पडद्यावरही काही नव्हतं. स्कॅनरला दुखणं कुठे दिसतं?

मग पडद्याकडे वळले. आणि काय सांगू – मला बटणं आठवावी लागली नाहीत. मला फक्त माहीत होतं की तिथे भर घालायची आहे, म्हणजे नव्या पायाच्या खोबणीत तिथे मोकळी जागा राहील. प्लास्टर असतं तर बोटाने लावलं असतं. इथे तो गोल ब्रश घेतला, लहान केला, आणि लावलं. थोडं जास्त झालं. एक पाऊल मागे. पुन्हा लावलं. आतल्या बाजूला जिथे पायाचा भार पेलायचा तिथे थोडं घासलं. हो, "घासलं"च. मनात कानशीचा आवाजसुद्धा आला.

पन्नास मिनिटं लागली. मान वर केली तर झटपट माझ्या मागे उभा. त्याने माऊस मागितला नाही. विचारलं, "ही भर इथे का घातलीत? सॉफ्टवेअर तर सुचवत नाही."

मी म्हटलं, "त्यांना तिथे दुखतं."

त्याने ते स्वतःच्या वहीत लिहून घेतलं!

३१ मार्च, सोमवार

काकांना नवा पाय चढवला. खोलीभर चार फेऱ्या मारल्या. मग आरशासमोर उभे राहिले आणि हवेतच कात्री चालवल्यासारखं केलं. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकून पाहिला. "टोचत नाही," म्हणाले. पुन्हा, जरा हळू, "नाही टोचत."

बाई दारात उभ्या होत्या. लगेच वळून गेल्या. पण मी पाहिलं, त्यांनी चष्मा काढून पुसला.

अर्ज फाडला. चहाच्या कपासोबत टोपलीत.

४ एप्रिल, शुक्रवार

घरी सराव करत होते. मुलगी मागे येऊन उभी राहिली. "आई, अगं याच्यापेक्षा सोपं –" आणि हात पुढे. मी म्हटलं, "हात लावू नकोस. नुसतं बघ." हळूहळू केलं, पण सगळं माझं मी केलं. ह्यांनी शिट्टी वाजवली.

मुलगी म्हणाली, "मस्त," आणि आत निघून गेली. कॉलेज कसं चाललंय विचारलं तर, "चाललंय." आज माझा दिवस होता. फार खोलात गेले नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आज बाईंना विचारलंच. "तुम्हाला वर्ष राहिलंय. कशाला एवढा त्रास घेता? साहेबांनी तुम्हाला असंही काही म्हटलं नसतं."

"एक वर्ष म्हणजे तीनशे पाय," त्या म्हणाल्या. "तीनशे माणसं. त्यांना काय सांगू, माझी निवृत्ती जवळ आलीये म्हणून?"

मग थोड्या वेळाने आपणहून सांगू लागल्या. त्या इथे आल्या तेव्हा झाडूवाल्या म्हणून आल्या. हे मला ठाऊक नव्हतं! सांडलेलं प्लास्टर खरवडून काढायचं काम. खरवडता खरवडता बघायच्या. दोन वर्षं नुसतं बघितलं. एके दिवशी जुन्या मास्तरांना म्हणाल्या, मला एक साचा करू द्या. त्यांनी दिला, गंमत म्हणून. पहिला फुटला. दुसरा फुटला. पाचवा उभा राहिला.

"तुम्हाला भीती नव्हती वाटत?"

"वाटायची की. आत्ताही वाटते. त्या झटपटने प्रश्न विचारला की माझ्या तोंडचं पाणी पळतं. पण मला एक गोष्ट पक्की माहितीये, की जे मला येत नव्हतं ते मी एकदा शिकले आहे. एकदा शिकले म्हणजे शिकता येतं. एवढ्यावर माझं चालतं."

मी त्यांना इतके दिवस बिनधास्त समजत होते. त्या बिनधास्त नाहीत. त्या घाबरतात आणि तरी हात वर करतात. हे तर त्याहून मोठं आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

परीक्षा. बाहेरून दोन परीक्षक आले होते. एक स्कॅन, एक तास. पहिली पाच मिनिटं काहीच सुचेना. मग पाय फिरवून फिरवून पाहिला, कुणाचा असेल, काय काम करत असेल, असा विचार केला, आणि हात चालायला लागला. अठ्ठावन्न मिनिटांत झालं. नाव दिलं, मग साठवलं.

पट्टेवाले दादा बसलेच नाहीत. पॅकिंगचा अर्ज देऊन मोकळे झाले. जाताना मला म्हणाले, "तुमचं होणार बघा." स्वतःबद्दल तेवढ्याच खात्रीने नाही म्हणणारा माणूस, दुसऱ्याबद्दल किती सहज हो म्हणतो.

१२ एप्रिल, शनिवार

पास. मी पास.

थोरल्या बाई नापास.

वेळ पुरला नाही. त्यांनी एक बाजू इतकी मन लावून केली की दुसरी तशीच राहिली. साहेबांनी यादी वाचली तेव्हा माझं नाव दुसरं. बाईंचं नाव आलंच नाही. मला आनंद करावा की काय करावं कळेना, मी माझ्या चपलांकडे बघत राहिले. सगळेच कुठे ना कुठे बघत होते.

बाई उठल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साहेब, मी नापास झाले. अठ्ठावीस तारखेला पुन्हा देते."

"बाई, पुन्हा परीक्षेचं नियमात नाहीये."

"घ्यायची नाही असंही नियमात नाहीये. मी वाचलंय."

साहेबांनी झटपटकडे पाहिलं. झटपट म्हणाला, "मी येईन, सर. सुट्टी असली तरी येईन."

बाई खाली बसल्या. चहाचा कप उचलला तर तो बशीवर खडखडला. हात लपवला नाही. दुसऱ्या हाताने कप धरला आणि चहा प्यायल्या.

नापास व्हावं तर असं. मी आयुष्यात कधी पाससुद्धा इतक्या ताठ मानेने झाले नाही.

१४ एप्रिल, सोमवार

बाई डबा घेऊन माझ्याकडे आल्या. "मला शिकव," म्हणाल्या. "तुझा हात बसलाय. माझा अजून बसायचाय."

मी? बाईंना?

१६ एप्रिल, बुधवार

शिकवणं सोपं नाही. बाईंचा ब्रश नको तिथे गेला की माझा हात आपोआप माऊसकडे जातो. आज तीनदा गेला. तिसऱ्यांदा बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले.

त्यांची अडचण काय ते आज सापडलं. त्या प्रत्येक जागा पूर्ण करूनच पुढे जातात, प्लास्टरवर जायच्या तशा. मी म्हटलं, "बाई, आधी सगळ्या पायावरून एकदा ढोबळ फिरून या. मग बारीक. इथे परत येता येतं."

त्या थांबल्या. "परत येता येतं," स्वतःशीच म्हणाल्या. "चाळीस वर्षांची सवय आहे गं, एकदाच काय ते नीट करायची."

पहिल्या प्रयत्नाला एक तास वीस मिनिटं. दुसऱ्याला एक तास आठ.

१८ एप्रिल, शुक्रवार

एक तास तीन.

बाई म्हणाल्या, "तुला अजून वाटतं का, की तुला यंत्रातलं काही कळत नाही?"

विचार करून म्हटलं, "कधी कधी सकाळी उठल्यावर वाटतं."

"वाटू दे. दहा वाजेपर्यंत जातं."

१९ एप्रिल, शनिवार

छप्पन्न मिनिटं! बाईंनी घड्याळ माझ्याकडे फिरवून दाखवलं. दोघींनी अर्धा अर्धा कप चहा घेतला. तोच आमचा समारंभ.

२८ एप्रिल, सोमवार

बाईंची परीक्षा. काचेच्या दाराबाहेर मी, झटपट आणि आणखी दोघं. पट्टेवाले दादाही पॅकिंगमधून आले होते, हातात सेलोटेप तसाच. साहेब दोनदा "काही काम असल्यासारखे" इकडून गेले.

चौपन्नाव्या मिनिटाला बाईंनी माऊस ठेवला. परीक्षकांनी पाय फिरवून पाहिला. वरून, खालून. एक जण म्हणाला, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

बाईंनी दाराबाहेर माझ्याकडे बोट दाखवलं.

मला तोंड लपवायला जागा नव्हती. पण या वेळी लपवावंसं वाटलं नाही. पट्टेवाले दादा माझ्या शेजारी हळूच म्हणाले, "दुपारी पाठ करून बसाल का माझ्याकडे? बाईंना सांगू नका एवढ्यात."

मी म्हटलं, "उद्यापासून."

बाई पास. मोठ्ठा दिवस. हे वाट बघत होते, त्यांना सगळं सांगितलं. मुलीलाही सांगणार होते, पण तिचं दार बंद होतं.

२९ एप्रिल, मंगळवार

मुलगी दोन महिने कॉलेजला गेलेली नाही. आज तिनेच सांगितलं. पहिल्या परीक्षेत तीन विषय राहिले, तेव्हापासून रोज दप्तर घेऊन निघते आणि बागेत बसून संध्याकाळी परत येते. "वर्गात सगळ्यांना येतं, आई. मी एकटीच ढ आहे. तुझ्या हातातून माऊस घेऊन दाखवायचे ना, तेवढंच काय ते मला येतं असं वाटायचं."

ह्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात मी त्यांचा हात दाबला.

म्हटलं, "पुस्तक आण. पहिलं कुठे अडलं ते दाखव."

ती म्हणाली, "तुला नाही कळायचं त्यातलं."

"नाही कळायचं," मी म्हटलं. "आण तरी."

ती आणायला गेली आहे.